उघड्यावरचा संसार

नगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, रुईछत्तिशी मागे पडली आणि मिरजगाव जवळ येऊ लागलं, की दोन्ही बाजूंना मुरमाड, बरड जमीन दिसते. वर वीतभर माती, खाली कातळ. पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस कुसळी आणि पवन्या गवत डुलतं, एरवी तरवडाची झुडपं, एखादं हिवर, एखादी बोर. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब म्हणतात. देशभराच्या जमिनीचे सरकारी नकाशे तयार झाले तेव्हाही असे माळ बहुतेक ठिकाणी ‘पडीक’ याच रंगात रंगवले गेले.

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. एकूण १७,०४८ चौरस किलोमीटर. आता त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना अजून ‘नगर’च तोंडात येतं. पश्चिमेला अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि रतनवाडीच्या बाजूला, पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. दक्षिणेकडच्या कर्जत, श्रीगोंदा, जामखेडमध्ये वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात. पक्षी बघायला नगर जिल्ह्यात येणारे बरेचसे भंडारदऱ्याला जातात, नाहीतर शेवगाव-नेवाशाच्या बाजूने नाथसागराच्या काठावर रोहित आणि बदकं बघत बसतात. त्यात काही चूक नाही. मात्र पक्ष्याचं शरीर किती करामती करू शकतं हे पाहायचं असेल, तर मी कर्जतचा माळच सुचवेन. इथे घरटं बांधायला झाड नाही, लपायला आडोसा नाही, उन्हाळ्यात कोसभर पाणी नाही आणि दुपारी जमिनीला हात लावता येत नाही. तरीही शेकडो जोडपी नेमक्या याच जमिनीवर, नेमक्या याच दिवसांत अंडी घालतात.

सुरुवात टिटवीपासून करावी लागेल, कारण ती ओळखीची आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत. रात्री ओरडली की अशुभ, झोपताना आभाळ पडू नये म्हणून पाय वर करते, अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला. शेवटची समजूत तर दर वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांत फोटोसह छापून येते. मला ती पटत नाही. टिटवी अंडी घालते तेव्हा मान्सून अजून विषुववृत्ताच्या आसपास असतो, आणि ती जागा निवडते ती खडे आणि नजर या दोन गोष्टी पाहून. खडे अंड्यांच्या रंगाचे हवेत आणि बसल्या जागेवरून चारी बाजू दिसायला हव्यात. उंचवटा, बांध, कधी घराची स्लॅबसुद्धा या दोन्ही अटी पुऱ्या करते.

नगरच्या माळावर दोन टिटव्या आहेत. लाल गाठीची पाण्याच्या आसपास राहते आणि ‘टिटीव-टिटीव’ करून गाव जागं करते. पिवळ्या गाठीची, अनेक जण जिला माळटिटवी म्हणतात, ती मात्र अस्सल कोरडवाहू. सुरेश जयकर आणि हेलन स्पर्वे या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात या पिवळ्या टिटवीवर बारकाईने काम केलं. दोघंही जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या भारतातल्या गटातले. त्यांना पडलेला प्रश्न असा, की इतर पक्षी पावसाची वाट पाहत असताना हिला ऐन कोरड्या दिवसांत अंडी घालायची घाई का?

उन्हाळ्यात अंड्यावर बसण्याचा अर्थच बदलतो. आपण धरून चालतो की पक्षी अंडी ‘उबवतो’. मे महिन्यातल्या दुपारी माळावर उबवायचं काय? अंड्याच्या आतला जीव साधारण ३७-३८ अंशांना नीट वाढतो आणि ४२-४३ अंशांच्या पुढे फार काळ तग धरत नाही. उघड्या मुरमाचं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून दुपारी टिटवी अंड्यांवर बसत नाही, ती त्यांच्यावर उभी राहते, पंख थोडे सैल सोडून, सूर्याकडे पाठ करून. तिची सावली अंड्यांवर पडते. नर आणि मादी पाळी बदलतात. ज्याची पाळी संपली तो डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटानेच परत येऊन बसतो. अंड्यांवरून पाणी उडून जातं आणि ती थंड होतात.

पक्ष्याला घाम येत नाही, त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ४० ते ४२ अंश, म्हणजे आपल्याला ज्या तापात दवाखान्यात न्यावं लागेल त्या तापात तो रोज जगतो. उकाडा वाढला की चोच उघडून धापा टाकणं आणि पुष्कळ जातींमध्ये गळ्याखालची पातळ कातडी भराभर थरथरवणं, एवढीच त्याची सोय. दोन्ही उपायांत पाणी खर्च होतं. त्यामुळे दुसरीकडे बचत करावी लागते. आपण शरीरातला टाकाऊ नायट्रोजन युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्षी त्याचं युरिक ॲसिड करून पांढऱ्या लगद्यासारखं टाकतो, त्याला पाणी अगदी थोडं लागतं. गाडीच्या काचेवर पडणारा तो पांढरा डाग म्हणजे या काटकसरीची पावती.

ही काटकसर किती दूरवर नेता येते ते पखुर्डीने दाखवलं आहे. पखुर्डीला भाट तित्तर असंही म्हणतात, पण तित्तराशी तिचा संबंध नाही. आकार कबुतराएवढा, रंग वाळल्या गवताचा, नराच्या पोटावर काळपट तांबूस पट्टा, शेपटीत दोन लांब टोकदार पिसं. जमिनीवर बसली की चार पावलांवरूनही दिसत नाही. ती दिसते ती सकाळी, सूर्य चांगला वर आल्यावर. दूरदूरच्या माळांवरून थव्याथव्याने ती ठरावीक पाणवठ्यावर उतरते, काही क्षण पाणी पिते आणि लगेच उडते. ससाणे आणि कोल्हे यांना ही वेळ ठाऊक असते, म्हणून रेंगाळायची सोय नाही.

पाण्यावर रोज यावंच लागतं, कारण पखुर्डी जवळपास सगळं पोट वाळल्या बियांवर भरते. किडे खाणाऱ्या पक्ष्याला किड्यातलं पाणी मिळतं, वाळल्या बीमध्ये जवळजवळ काहीच नसतं. मोठ्या पक्ष्याचं ठीक आहे, तो उडत जाऊन पिऊन येईल. पण पखुर्डीची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच खळग्यातून बाहेर पडतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःच बिया टिपू लागतात. त्यांना उडता येत नाही. पाणवठा काही किलोमीटर दूर, जमीन तापलेली, आणि या कुळातले आईबाप कबुतरासारखं पोटातून काही काढून भरवत नाहीत.

इंग्लंडमध्ये एडमंड मीड-वॉल्डो नावाच्या पक्षिपालकाने १८९६ साली लिहिलं, की त्याच्या पिंजऱ्यातला नर पाण्यात पोट घासून पिसं भिजवतो आणि पिल्लांकडे जातो, आणि पिल्लं ती पिसं चोखतात. बऱ्याच जाणकारांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे सत्तर वर्षं हा वाद अधूनमधून उकरला जात राहिला. १९६७ मध्ये टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लिन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात नामाक्वा पखुर्डीवर मोजमापं करून दाखवली आणि म्हाताऱ्या मीड-वॉल्डोचं म्हणणं खरं ठरलं. नर पाण्यात उतरतो, शरीर पुढेमागे हलवत पोटाची पिसं भिजवतो, साधारण पंचवीस मिलिलिटरपर्यंत पाणी पिसांत घेऊन उडतो. वाटेत काही वाऱ्याने उडून जातं. घरी पोचल्यावर तो ताठ उभा राहतो आणि वासरं सडाला लुचावीत तशी पिल्लं त्याच्या पोटाला भिडतात. पाणी संपलं की नर वाळूत पोट घासून पिसं कोरडी करतो.

साध्या पिसावर पाणी ठरत नाही, बदकाच्या पाठीवरून ते ओघळून जातं. मग या पिसांतच ते कसं राहतं? पक्ष्याच्या पिसाच्या मुख्य दांड्याला दोन्ही बाजूंनी फांद्या असतात, त्या फांद्यांना आणखी बारीक उपफांद्या. नेहमीच्या पिसात या उपफांद्यांना आकडे असतात, ते एकमेकांत अडकून सपाट पडदा तयार होतो. पखुर्डीच्या नराच्या पोटाच्या पिसात आतल्या भागातल्या उपफांद्यांना आकडे नाहीत. त्या कोरड्या असताना मळसूत्री वेटोळी घालून निजलेल्या असतात. पाणी लागलं की वेटोळी उलगडतात आणि सगळ्या उपफांद्या उभ्या राहतात. त्यांच्या दाटीत पाणी अडकतं. पिसाच्या कडेच्या उपफांद्या आत वळून वरून झाकण घालतात. असं पीस स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं, इतकं आपला अंघोळीचा स्पंजही धरत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत योखेन म्युलर आणि लॉर्ना गिब्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या रचनेची तपशीलवार चित्रं घेतली. न हिंदकळणारी पाण्याची बाटली करायला तिचा उपयोग होईल का, हेही त्यांनी सुचवून पाहिलं.

नगरच्या बाबतीत मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पखुर्डीला पाणी हवं, पण ते उथळ, उघड्या, सपाट काठाचं हवं. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर जे पाझर तलाव झाले, त्यांचे काठ उतरते होते आणि तिथे चालत पाण्यापर्यंत जाता येतं. आता जागोजागी शेततळी झाली. फळबागा त्यांच्यावर जगल्या हे खरंच. पण काळ्या प्लास्टिकच्या तिरप्या, निसरड्या भिंतीवर पखुर्डी उभी राहू शकत नाही. तिच्या दृष्टीने तिथलं पाणी असून नसल्यासारखं.

चंडोल माळावरचा गवई. त्याचीही अडचण जागेची. कोकिळ आंब्यात बसून गातो, दयाळ छपराच्या टोकावर. माळावर उंच बैठकच नाही, म्हणून चंडोल हवेत चढत चढत गातो. मादी आणि शेजारी नर यांना आवाज दूरवर पोचावा म्हणून तो आभाळालाच व्यासपीठ करतो. राखी डोक्याचा डोंबारी चंडोल तर सूर मारत खाली येतो, पुन्हा उसळतो, पुन्हा सूर मारतो. उडणं आणि गाणं दोन्ही एकदम करायचं म्हणजे श्वासाची चैन हवी, ती पक्ष्याकडे आहे. त्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. आत घेतलेला घोट बाहेर पडायला दोन श्वास लागतात. श्वास आत असो वा बाहेर, फुप्फुसाला ताजी हवा मिळतच राहते. शिवाय त्याचा आवाजाचा अवयव आपल्यासारखा घशात वर नसतो, तो श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे असतो आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळे सूर काढू शकतात. तज्ज्ञ त्याला सिरिंक्स म्हणतात.

याच गवतात दुर्लाव राहतो. लाव्यासारखा दिसतो म्हणून शिकारी त्याला लावाच समजतात, पण तो लाव्याचा नातलग नाही. तो कुरव, टिटवी, तुतारी यांच्या गोतावळ्यातला. मुठीएवढा, पायाला मागचं बोट नसलेला पक्षी. पावसाळा सुरू झाला की गवतातून दूरवर मोटारसायकल सुरू असल्यासारखी संथ, खोल घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं नर मादीला बोलावतोय. ती असते मादी. तीच मोठी, तीच रंगाने गडद, गळ्यावर काळा डाग तिलाच. ती दुसऱ्या माद्यांशी भांडते, नराला रिझवते, तीन-चार अंडी घालते आणि निघून जाते, दुसऱ्या नराच्या शोधात. अंडी नर उबवतो. साधारण बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. त्यांना सांभाळणंही त्याच्याचकडे.

सालिम अलींनी १९३०च्या सुमारास किहीमला सुगरण पक्ष्यांवर केलेलं काम आठवावं. तिथे नर अर्धं घरटं विणतो, मादीला पसंत पडलं तर पुरं करतो, मग तिला अंड्यांवर सोडून पुढचं घरटं विणायला घेतो. म्हणजे एकाच देशात, एकाच पावसात एक जात नराला मोकळं सोडते आणि दुसरी मादीला. ‘निसर्गाने आईला ममता दिली’ अशी वाक्यं लिहिणाऱ्यांनी दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवावीत. दुर्लावात असं का झालं याचं उत्तर बहुधा जमिनीतच आहे. उघड्यावरची अंडी मुंगूस, साप, घोरपड, कुत्रा कुणीही खातो. अंडी वारंवार जाणारच असतील, तर जी जात भराभर नवी अंडी घालू शकते तिचा वंश टिकतो. मादी उबवायला बसली तर तिचे पंधरा दिवस गेले. नराने ते काम उचललं तर ती तेवढ्या वेळात दुसरीकडे अंडी घालते.

पिल्लू नर होणार की मादी, हेही पक्ष्यांत आईच्या अंड्यावर ठरतं. माणसात बापाकडे दोन प्रकारची गुणसूत्रं असतात, एक्स आणि वाय. पक्ष्यांत उलटं, दोन प्रकारची आईकडे. ‘मुलगीच झाली’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूला शास्त्राचा आधार हवाच असेल, तर तो पक्ष्यांत मिळेल, माणसात नाही.

माळाच्या कडेला शेतं आहेत आणि रब्बीत त्या शेतांत शाळू असतो. मालदांडीची कणसं भरायला लागली, हुरड्याचे दिवस आले, की भोरड्या उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. कुणी त्यांना पळसमैनाही म्हणतात, कारण पळस फुलला की त्या फुलांतला रस प्यायला गर्दी करतात आणि परागही वाहून नेतात. शेतकऱ्याला मात्र हे कौतुक नको असतं. जामखेड-पाथर्डीकडे माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी, डबे वाजवणारी माणसं आजही दिसतात. हजारो भोरड्या एकदम उठतात, वळतात, दुसऱ्या टोकाला पडतात. एवढ्या दाटीत एकही दुसरीला आपटत नाही.

या वळणाचा हिशोब रोममध्ये झाला. तिथे हिवाळ्यात भोरडीचे युरोपी चुलतभाऊ संध्याकाळी लाखोंनी शहरावर घिरट्या घालतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक कॅमेऱ्यांतून एकाच क्षणी फोटो काढले, प्रत्येक पक्ष्याची हवेतली नेमकी जागा काढली आणि २००८ मध्ये सांगितलं, की पुढारी कुणीच नसतो. प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे पाहून दिशा ठरवतो, ते हातभर अंतरावर असोत की चार हातांवर. अंतराला महत्त्व नाही, संख्येला आहे. म्हणून थवा पसरला तरी तुटत नाही. पुढे २०२१ मध्ये पारिसींना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, मात्र ते वेगळ्या कामासाठी.

भोरडी मुळात धान्यखाऊ नाहीच. तिचं माहेर कझाकस्तान, उझबेकिस्तान, चीनचा शिनच्यांग प्रांत अशा गवताळ प्रदेशांत आहे आणि तिथे मे-जूनमध्ये ती टोळांवर पिल्लं वाढवते. महिनाभरात सगळा प्रपंच आवरून जुलै-ऑगस्टपासूनच ती भारतात परतायला लागते. म्हणजे वर्षाचा जास्त काळ ती आपल्याकडेच असते, तिला पाहुणी म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. शिनच्यांगमध्ये टोळांवर औषधं फवारण्याऐवजी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. तिथले लोक तिला बोलावतात, इथले गोफण मारतात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

आता माळढोक. याच्यावर लिहिताना हात आखडतो, कारण नगरच्या माळावर आता तो जवळपास नाहीच. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर, जगातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. मादी त्याच्या साधारण निम्मी. पायाला मागचं बोट नाही, त्यामुळे फांदी पकडता येत नाही, सारं आयुष्य चालण्यात जातं. बहुतेक पक्ष्यांना शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, चोचीने ते तेल पिसांना लावतात. माळढोकाच्या कुळाला ती ग्रंथीच नाही. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती जवळजवळ पायांपर्यंत लोंबते, शेपटी पाठीवर उलटी उभारतो आणि खोल घुमणारा हुंकार देतो. तो अर्धा किलोमीटर लांब ऐकू जातो. मादी येते, निवडते, निघून जाते. उघड्या जमिनीवर एकच अंडं, साधारण सत्तावीस दिवस एकटीच बसायचं, पिल्लूही एकटीनेच वाढवायचं.

एका वर्षाला एक अंडं आणि तेही गायीच्या खुराखाली जाईल अशा जागी. ज्या काळात माळ अफाट होते, माणसं विरळ होती आणि मोठा पक्षी सहज पंधरा वर्षं जगत होता, त्या काळात हा हिशोब जुळत होता. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. नगरचे कर्जत, श्रीगोंदा त्यात आले. कागदावर एवढं मोठं अभयारण्य देशात क्वचितच झालं असेल, आणि ही त्याची ताकद नव्हती. माळ तुटक होते, मधे गावं, विहिरी, उसाचे फड, साखर कारखाने. हजारो शेतकऱ्यांच्या जमिनींवर आणि बांधकामांवर निर्बंध आले आणि माळढोक हे नाव ज्यांनी तो पक्षी पाहिलाही नव्हता त्यांच्या तोंडी शिवीसारखं आलं. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर पक्षी संपत आले होते. शेजारीच कर्जत तालुक्यात १९८० साली झालेलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथे काळवीट आजही टिकून आहेत. काळविटाला एका जागी राहून चालतं, माळढोकाला नाही, हा फरक आहेच. तरी माझं मत असं, की आकड्यापेक्षा माळ सलग आणि गवताळ आहे का, हे विचारायला हवं होतं.

गवताळ म्हणजे गवताळच. माळावर ग्लिरिसिडियाची रोपं लावून ‘हरित पट्टा’ तयार केला की आपल्याला आनंद होतो, फोटोही छान येतो. पण माळढोक, पखुर्डी, चंडोल यांना झाडाची सावली हा दिलासा नसून धोका आहे. झाडावर शिकारी पक्षी बसतो आणि झाडामागे कोल्हा दिसत नाही.

तारांचा प्रश्न आणखी अवघड आहे, आणि त्याचं मूळ माळढोकाच्या डोळ्यांत आहे. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या कोरी या माळढोकाच्या जवळच्या नातलगाच्या नजरेचा आवाका मोजला. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं खूप दिसतं. समोर मात्र दोन्ही डोळ्यांना मिळून अरुंद पट्टी दिसते. या पक्ष्याने उडताना मान सुमारे पंचवीस अंश खाली झुकवली की समोरचं पूर्ण दिसेनासं होतं. उडताना तो खालीच पाहतो. उतरायला जागा, चरायला हिरवळ, आपल्या जातीचे पक्षी सगळं जमिनीवर असतं, आणि लाखो वर्षांत त्या उंचीवर समोर अडथळा असा कधी नव्हताच. समोरची तार लक्षात आली तरी पंधरा किलोचं धूड झटकन वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने राजस्थानच्या थर वाळवंटात केलेल्या पाहणीतून असा अंदाज मांडला, की तिथे दर वर्षी अठराच्या आसपास माळढोक तारांना धडकून मरतात. सगळ्या देशात मिळून उरलेत सुमारे दीडशे.

२०१९ पासून राजस्थानात माळावरची अंडी उचलून सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत उबवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही मोठीच गोष्ट आहे. त्या पिल्लांना सोडायचं कुठे हा प्रश्न मात्र तारांपाशीच येऊन थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातच्या अधिवासात तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये खर्च, तांत्रिक अडचणी आणि सौरऊर्जेची गरज या कारणांनी तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. अनेक ठिकाणी तारांवर चकचकीत चकत्या टांगतात. त्यांचा उपयोग काही पक्ष्यांना होतो. पण जो पक्षी उडताना खाली पाहतो त्याला वर टांगलेली चकती दिसेलच असं नाही. म्हणून मार्टिन यांनी उलटा उपाय सुचवला होता: तारेपासून दूर, जमिनीवरच असं काही करावं की पक्ष्याची नजर तिकडे ओढली जाईल. चांगलं चराऊ गवत राखावं, किंवा त्याच्याच जातीच्या पक्ष्यांचे पुतळे ठेवावेत. थरमध्ये असो की उद्या कधी कर्जतमध्ये, तार उभी करण्याआधी हा प्रयोग करून पाहायला फारसा पैसा लागत नाही. राखलेलं गवत मात्र लागतं, आणि ते आपण झाडं लावून, नांगरून, सौर पट्ट्या टाकून संपवत चाललो आहोत.